मुलांची झोप कोणी पळवली?

मोरा बंदराच्या वस्तीत रविवारच्या धम्मवर्गाला दहावीचा एक मुलगा बसल्या जागी झोपी गेला. बाकीची पोरे हसली. वर्ग सुटल्यावर त्याची आई आमच्याकडे आली. "वकीलदादा, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईल. सकाळी सातची शाळा. डोळे लाल, डोके दुखते, अंगात त्राण नाही. तुम्हीच दोन शब्द सांगा." आम्ही सांगायला बसलो आणि मुलानेच आम्हाला गप्प केले. "काका, मोबाईल पप्पांचा आहे. ते ड्युटीवरून दहाला येतात, तेव्हा मला मिळतो. अभ्यासाचे व्हिडिओ तेव्हाच बघायचे. मग त्याच्यामागून बाकीचेही बघितले जाते."

या एका उत्तरात सगळा प्रश्न आहे. आपल्या वस्त्यांत एका खोलीत पाच माणसे, एक टीव्ही आणि एक मोबाईल. शांतता मिळते ती रात्रीच आणि मोबाईलही मोकळा होतो तो रात्रीच. २०२० च्या टाळेबंदीत शाळाच मोबाईलमध्ये शिरली. शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेश, निकाल, सारे इंटरनेटवर. म्हणून 'मोबाईल फेकून द्या' हा उपदेश आम्हाला मान्य नाही. ज्यांना शतकानुशतके ज्ञानाची दारे बंद होती, त्यांनी उघडलेले दार स्वतःच्या हाताने लावून घेऊ नये.

पण उघड्या दारातून चोरही शिरतो. तेरा ते अठरा या वयात रोज ८ ते १० तास झोप लागते, असे झोपेचे तज्ज्ञ सांगतात. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन नावाचे द्रव्य स्रवते आणि झोप येते. या वयात ते मुळातच उशिरा स्रवते. डोळ्यांसमोरचा पडद्याचा उजेड त्याला आणखी मागे ढकलतो. त्यात एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. मूल जितके जागे, तितकी कंपनीची कमाई. इकडे दिवसभर वाचलेले झोपेतच मेंदूत पक्के होते. झोप तुटली की लक्ष लागत नाही, चिडचिड वाढते, मन उदास होते, वजनही वाढते. म्हणजे ज्या अभ्यासासाठी मूल जागले, तोच अभ्यास बुडाला!

सरकारने काय केले? डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विषय काढला. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवाव्यात, असा आदेश दिला. चांगले झाले. पण ज्या वयात झोप निसर्गतःच उशिरा येते, ती आठवी-नववी-दहावीची मुले या आदेशातून वगळली गेली. त्यांच्या झोपेची जबाबदारी कोणाची? २०१२ साली रामलीला मैदान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने झोप हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तो हक्क मुलांना नाही काय?

बंदीचा मार्ग सोपा, पण बंदीचा पहिला फटका मुलींना बसतो. २०२३ च्या 'असर' पाहणीत मोबाईल वापरता येणाऱ्या ग्रामीण मुलांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा स्मार्टफोन होता, मुलींपैकी फक्त १९.८ टक्के. केरळातील एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात मुलींना सायंकाळी सहा ते दहा मोबाईलबंदी होती. एका विद्यार्थिनीने दाद मागितली. इंटरनेट हा शिक्षणाच्या हक्काचा भाग आहे, असा निर्णय २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने दिला. तेव्हा हक्कही राखायचा आणि झोपही. हाच मध्यम मार्ग.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवून मुले अभ्यासाला बसू लागली. आपल्या विहारांना हे अवघड आहे काय? सात ते नऊ विहाराचे दार उघडे ठेवा. वस्तीतल्या नोकरदारांनी वर्गणी काढून दोन संगणक बसवा. अभ्यासाचे व्हिडिओ तिथेच, दिव्याखाली, सर्वांसमोर बघता येतील. रात्री दहानंतर घरातला मोबाईल कपाटावर जाईल, पण आधी बापाचा, मग मुलाचा.

जयंतीला आपण सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम घेतो, तो प्रेरणेसाठी. पण परळच्या चाळीतल्या एका खोलीत रामजीबाबांनी काय केले, ते विसरू नये. भीमरावाला ते लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला अभ्यासाला उठवून त्याच्या जागी आपण झोपत. मुलाच्या झोपेसाठी बाप जागला होता.

पाचवे शील आपण रोज म्हणतो. ते मद्याला नाकारते, कारण मद्याने माणूस बेसावध होतो. आज बेसावध करणारी वस्तू खिशात आहे. बंधू-भगिनींनो, आज रात्री दहा वाजता आपापला मोबाईल आधी आपण खाली ठेवू या. जयभीम!