कोथरूडच्या खुर्चीतून रविवार कारंजा

कोथरूडमधल्या विरंगुळा केंद्रात सकाळचे अकरा वाजलेत. कॅरम भिंतीला टेकवून मधली जागा मोकळी केलीय. तिथं एकच खुर्ची, हातांची, बिनचाकांची. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजी पदर खोचून तीत बसतात. थेरपिस्ट मुलगी त्यांचा अंबाडा सांभाळत व्हीआर हेडसेटचा पट्टा आवळते, चष्म्याची काडी रुतत नाही ना ते बघते.

"आजी, गरगरलं तर लगेच सांगायचं हं."

आजी मान डोलावतात. त्यांना दिसतंय ते आम्हाला शेजारच्या टॅबवर दिसतं : नाशिक, मालेगाव स्टँड. २०२२ मध्ये गूगलनं भारतात स्ट्रीट व्ह्यू नव्यानं आणलं, तेव्हा पहिल्या दहा शहरांत नाशिक होतं. आजींचं माहेर तिथलंच. बटण दाबलं की पुढचा टप्पा समोर येतो. रस्ता सलग सरकत नाही, हे बरं. डोळे चालतायत आणि कानातला तोल मात्र म्हणतोय की आपण बसून आहोत, या घोळानंच मळमळतं.

"फुलं, चिवडा आणि गोळ्या. रविवार कारंजावर पोचलात की यादी सांगायची."

होळकर पूल येतो. गोदावरी दिसताच आजी हात जोडतात आणि दोन्ही कंट्रोलर खटकन एकमेकांवर आपटतात. मुलगी त्यांच्या खांद्यामागे हात धरून उभी आहे. घाई करत नाही.

आज वार कोणता, शंभरातून सात वजा करा, असल्या चाचणीतल्या प्रश्नांनी इथली हीच माणसं अवघडून गप्प झालेली मी पाहिली आहेत. इथं काम तेवढंच अवघड आहे : यादी मनात धरायची, वळण ओळखायचं, दिशा राखायची. मेंदूत जागेचं भान ठेवणाऱ्या पेशी ज्यांनी शोधल्या, त्या ओकीफ आणि मोझर दांपत्याला २०१४ चं नोबेल मिळालं. अल्झायमर सुरुवातीलाच घाला घालतो तो या पेशी असलेल्या मेंदूच्या भागांवरच. म्हणून ही वाट शोधणं मला नुसती करमणूक वाटत नाही.

कारंजा येतो. "फुलं... चिवडा..." आजी अडतात. बाकावरचे काका तोंड उघडतात, मुलगी बोट ओठांवर ठेवून त्यांना थांबवते. बराच वेळ जातो.

"गोळ्या! यांच्या बीपीच्या."

"आता आल्या वाटेनं परत."

परतीला पूल उलट्या बाजूनं समोर येतो. आजी दोनदा थांबतात, मान वळवून खुणा शोधतात, पण स्टँडवर पोचतात.

हेडसेट काढल्यावर कपाळावर लाल वळ उठलाय. मुलगी आता सूनबाईंशी बोलते, आणि मला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. खेळात हात बसला म्हणून घरी गॅस बंद करायचं लक्षात राहीलच असं नाही. सराव सरावापुरताच उरतो, हे तिला पक्कं माहीत आहे. "संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात न्या. तीन वस्तू सांगा. चिठ्ठी द्यायची नाही."

"चार सांग गं," आजी विस्कटलेला अंबाडा बांधत म्हणतात. "तीन झाल्या की आत्ता."