एक खरे अस्वल, एक नावापुरते

जबलपूरहून नागपूरच्या रस्त्याला लागले की वाटेत सिवनी येते. किपलिंगच्या १८९४ सालच्या ‘जंगल बुक’मधला भालू इथलाच. पण किपलिंगने त्याला तपकिरी रंगवले. सिवनीच्या रानात तपकिरी अस्वल नाही. तिथे आहे ते काळे, झिपरे, छातीवर पांढुरका चंद्रकोरीसारखा पट्टा असलेले अस्वल. आपण त्याला नुसते अस्वल म्हणतो, इंग्रजीत ते ‘स्लॉथ बेअर’. या ‘स्लॉथ’मागे वर्गीकरणातला एक फसलेला प्रयोग आहे.

१७९१ मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने या प्राण्याला दक्षिण अमेरिकेतल्या स्लॉथ या संथ प्राण्याच्या पंगतीला बसवले आणि नाव ठेवले ‘ब्रॅडिपस अर्सिनस’. कारण? लांब, वाकडी नखे आणि दातांची चमत्कारिक ठेवण. वरच्या जबड्यातले मधले दोन पटाशीचे दात या अस्वलाला नसतातच. ती फट म्हणजे खास सोय: नखांनी वारूळ फोडायचे, नाकपुड्या मिटायच्या, ओठांची नळी करायची आणि वाळवी सरळ ओढून घ्यायची. या ओढण्याचा आवाज शंभर मीटरवरही ऐकू येतो. दोनच वर्षांत, १७९३ मध्ये, मायर नावाच्या शास्त्रज्ञाने त्याच्यासाठी ‘मेलर्सस’ ही वेगळी प्रजाती केली. दोघांची अर्धी-अर्धी नावे जुळून आज ते ‘मेलर्सस अर्सिनस’ आहे.

कोआलाचे नेमके उलटे झाले. ऑस्ट्रेलियातल्या या प्राण्याला १८१६ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ द ब्लॅनव्हिलने ‘फॅस्कोलार्क्टोस’, म्हणजे पिशवीवाले अस्वल, असे प्रजातिनाम दिले. गंमत अशी, की पुढच्याच वर्षी याच ब्लॅनव्हिलने आपल्या अस्वलाला ‘अर्सस लेबिएटस’ म्हणून खऱ्या अस्वलांत जमा केले. एका हाताने योग्य न्याय, दुसऱ्या हाताने दीडदोनशे वर्षे टिकलेला गैरसमज!

कोआला शिशुधान प्राणी आहे. गण डायप्रोटोडोन्शिया, त्यातच कांगारूही येतात. सर्वांत जवळचा जिवंत नातलग वाँबॅट. फॅस्कोलार्क्टिडी कुळात आज ही एकच जाती उरली आहे. जन्मतः पिलू जेमतेम दोन सेंटिमीटरचे, आंधळे आणि बिनकेसांचे. ते आपले आपण पिशवीत शिरते आणि सुमारे सहा महिने तिथेच वाढते. अस्वलाच्या मादीला पिशवी नसते, तिचे पिलू गर्भाशयात वारेवर पोसले जाते. म्हणजे वर्गीकरणाच्या हिशेबाने अस्वलाला कोआलापेक्षा तुम्हीआम्ही जवळचे.

निलगिरीच्या पानांनी कोआलाला नशा चढते, ही दुसरी लोकप्रिय थाप. पानांत विषारी द्रव्ये असतात हे खरे, पण त्याचे यकृत ती निकामी करते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकसंचाच्या अभ्यासात विष पचवणाऱ्या जनुकांची संख्या त्याच्यात वाढलेली आढळली. तो दिवसाचे अठरा-वीस तास झोपतो, कारण त्या चिवट पानांतून पुरेशी शक्तीच मिळत नाही.

साम्य शोधायचेच तर एक आहे. कोआलाची आई मोठे झालेले पिलू पाठीवर वाहते आणि आपली अस्वलीणही. अस्वलांच्या आठ जातींत ही सवय खऱ्या अर्थाने हिचीच.

आपल्या अस्वलाबद्दलच्या समजुतींची गत मात्र जास्त गंभीर आहे. ते हिवाळाभर झोपत नाही. वाळवी, बोरे, जांभळे, बहाव्याच्या शेंगा असे काही ना काही बारमाही मिळते. ते मंदही नाही, माणसाला धावून सहज गाठते. आणि दोन मित्र आणि अस्वलाच्या गोष्टीतला झाडावर चढणारा मित्र प्रत्यक्षात वाचेलच असे नाही: मधाच्या पोळ्यासाठी हे अस्वल झाडावर चढते.

मात्र ते मुद्दाम माणसाच्या मागे लागते, हेही खरे नव्हे. नजर अधू आणि खाण्यात गुंग. माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता नसतो. मग दचकून अंगावर येते. वाघाच्या शेजारात राहायचे तर पळण्यापेक्षा भिडणेच बरे, असे या वागण्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. १९८९ ते १९९४ या पाच वर्षांत अविभाजित मध्य प्रदेशात अस्वलांच्या ७३५ हल्ल्यांची नोंद झाली. ४८ माणसे दगावली. मार्च-एप्रिलात मोहाची फुले पहाटे गळतात. ती वेचायला माणसेही वाकतात, अस्वलेही. म्हणून त्या दिवसांत एकट्याने जाऊ नये, चारचौघांनी मोठ्याने बोलत जावे, असे वनखात्याचे लोक गावोगाव सांगतात.