अंगमेहनत, व्यायाम आणि आपले आरोग्य



भुसावळ हे रेल्वेचे गाव. आपल्यातील अनेक घरांत पहिली कायम नोकरी आली ती गँगमन, खलाशी किंवा पॉइंट्समनची. त्यांच्या मुलांनी बाबासाहेबांचा शिक्षणाचा संदेश पाळला आणि आज ती टेबलाशी, संगणकापुढे बसतात. ही प्रगती कष्टाने मिळविलेली आहे. परंतु घण आणि सब्बल हातातून सुटली, तसे शरीराचे रोजचे चलनवलनही सुटले. बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळले हे आपण जाणतोच. तोच रोग आज आपल्या घराघरांत शिरत आहे. म्हणून व्यायामावर झालेले संशोधन येथे थोडक्यात मांडत आहोत.

१९५३ साली डॉ. जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसमधील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. १९६२ साली अमेरिकन रेल्वेचा अभ्यास आला. तेथेही हृदयविकाराने होणारे मृत्यू कारकुनांमध्ये सर्वाधिक आणि रूळ दुरुस्त करणाऱ्यांमध्ये सर्वांत कमी, सुमारे निम्मे होते.

मात्र येथे एक शंका येते. आजारी माणूस गँगमध्ये टिकत नाही, तो हलक्या कामावर जातो. मग मेहनतीने माणूस निरोगी राहिला, की निरोगी होता म्हणून मेहनत करू शकला? याचे उत्तर मिळविण्यासाठी लोकांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडावे लागतात.

चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी तसे केले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ जणांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. एका गटाला रोज किमान अर्धा तास भरभर चालणे आणि आहारात सुधारणा सांगितली. तीन वर्षांत नेहमीचाच सल्ला मिळालेल्या गटात शंभरापैकी ५५ जणांना मधुमेह झाला, तर या गटात ३९ जणांना.

वृद्धांचे काय? अमेरिकेत ७० ते ८९ वयाच्या, चालणे मंदावलेल्या १,६३५ जणांवर असाच प्रयोग झाला. २०१४ च्या अहवालानुसार चालणे, ताकद व तोल यांचा व्यायाम करणाऱ्यांत ४०० मीटर चालण्याची शक्ती गमावणारे शंभरात ३० होते. केवळ आरोग्यविषयक माहिती मिळालेल्या गटात ३५.

"आम्ही बारीक, आम्हाला व्यायाम कशाला?" असे काही जण विचारतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःचेच उदाहरण दिले. उंचीच्या मानाने त्यांचे वजन आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचे वजन सारखेच होते. पण शरीरातील चरबी याज्ञिकांची २१ टक्के, युडकिनांची ९ टक्के. भारतीय माणूस बारीक दिसला तरी आत चरबी साठलेली असू शकते.

"आम्ही शेतात राबतो, तोच व्यायाम," असेही माताभगिनी म्हणतात. २०२१ साली कोपनहेगनमधील एक लाखाहून अधिक लोकांच्या अभ्यासात मोकळ्या वेळेतील व्यायामाने धोका कमी दिसला, पण कामावरील जड कष्टांनी तो वाढलेला दिसला. संशोधकांच्या मते तासन्‌तास चालणारा ताण आणि अपुरी विश्रांती ही त्याची कारणे असू शकतात. म्हणजे खुर्चीवरच्याला चालणे हवे, तर राबणाऱ्याला विसावा हवा. राबून आलेल्या आईच्या हातचा हंडा घरातील बसलेल्या मुलाने उचलावा. दोघांचेही आरोग्य सुधारेल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम, दोन दिवस ताकदीचा व्यायाम आणि वृद्धांना तोल सांभाळण्याचा सराव सांगितला आहे. आपल्याकडचा उन्हाळा पाहता सूर्योदयापूर्वीची वेळ उत्तम. हृदयरोगी व मधुमेहींनी आधी डॉक्टरांना विचारावे.

हे आपल्याला नवे नाही. अंगुत्तर निकायात तथागतांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत: प्रवासाची क्षमता, साधनेची क्षमता, निरोगीपणा, अन्नाचे पचन आणि टिकणारी समाधी. विहाराचे आवार पहाटे मोकळेच असते. तेथे रोज अर्धा तास चालण्याचा संकल्प आपण सर्वांनी करू या.

जयभीम! नमो बुद्धाय!