समुद्राकडून भाता मारून घेणारा वास्तुविशारद

क्रोएशियातल्या झादार शहराच्या जुन्या भागाला तीन बाजूंनी समुद्र आहे. त्याच्या पश्चिम टोकाला पांढऱ्या दगडाच्या रुंद पायऱ्या पाण्यात उतरतात, आणि त्या पायऱ्या गातात. वादक नाही, वीज नाही, ध्वनिक्षेपकही नाही. लाट आली की खालून एक सूर उमटतो, मागोमाग दुसरा. २००५ साली सुरू झालेलं हे समुद्र-ऑर्गन सुचलं ते निकोला बाशिच या वास्तुविशारदाला.

सुमारे ७० मीटर लांबीच्या या घाटाखाली ३५ प्लास्टिकच्या नळ्या सात गटांत बसवल्या आहेत. प्रत्येक नळीचं खालचं तोंड समुद्राच्या पाण्यात उघडतं. लाट आत घुसली की नळीतली हवा वर रेटली जाते आणि पायऱ्यांच्या पोटातल्या शिट्ट्यांमधून बाहेर फुंकली जाते. शिट्टीची रचना चर्चमधल्या ऑर्गनसारखीच आहे. अरुंद फटीतून आलेली हवा धारदार कडेवर आपटते आणि थरथरते. या शिट्ट्या झाग्रेबच्या हेफेरर या जुन्या ऑर्गन-कारखान्यात घडल्या. शिट्ट्यांमधला सूर दगडातल्या छिद्रांवाटे वर येतो. पेटीला वादकाने भाता मारावा लागतो, इथे ते काम समुद्र करतो.

पण नुसती हवा फुंकली तर गोंगाटच व्हायचा. कुठली लाट कुठल्या नळीत कधी शिरेल हे कुणाच्याच हातात नाही. म्हणून ध्वनितज्ज्ञ इवान स्तामाच यांनी एकमेकांशी जुळणारेच स्वर निवडले. दाल्मेशियाच्या किनाऱ्यावर पुरुष घोळक्याने उभे राहून वाद्यांशिवाय गातात, त्या ‘क्लापा’ गायनाच्या स्वरमेळाचा आधार त्यांनी घेतला. लाटांचं गणित व्लादिमिर आंद्रोचेत्स यांनी मांडलं. एड्रियाटिक समुद्राच्या या भागात भरती-ओहोटीचा फरक थोडा असतो, त्यामुळे पाण्याची पातळी नळ्यांना फारशी दगा देत नाही. एवढी तयारी करून पुढची सगळी रचना बाशिच यांनी समुद्रावर सोपवली. मला त्यांचं खरं धाडस इथे दिसतं. कलाकृती आपल्या मुठीत ठेवण्याचा मोह चांगल्या चांगल्यांना सुटत नाही.

बाशिच यांचा जन्म १९४६ चा, मुर्तेर बेटावरचा. वास्तुशास्त्र ते सारायेव्होला शिकले आणि पुढे झादारलाच काम करत राहिले. जगाने त्यांची दखल घेतली तेव्हा ते साठीच्या उंबरठ्यावर होते. ज्या शहरात ते राबले त्याची जखम किनाऱ्यावरच होती. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावात झादारचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. नंतरच्या घाईच्या उभारणीत या टोकाच्या वाट्याला सरळसोट, नीरस काँक्रीटचा किनारा आला. नव्वदच्या दशकातल्या युद्धात शहराने पुन्हा तोफगोळे झेलले. पुढे किनाऱ्याचा हा भाग नव्याने बांधायचा ठरला, तेव्हा मोठ्या प्रवासी जहाजांसाठी धक्काही हवा होता. धक्क्याच्या कामातून शहरातल्या लोकांना पुन्हा पाण्याशी बसायला जागा मिळेल, हे बाशिच यांनी हेरलं. २००६ साली या कामाला सार्वजनिक नागरी अवकाशासाठीचा युरोपीय पुरस्कार विभागून मिळाला.

शेजारीच २००८ मध्ये त्यांनी ‘सूर्याला नमस्कार’ उभारला. काचेच्या ३०० तावदानांचं, २२ मीटर व्यासाचं हे वर्तुळ पायाखाली पसरलं आहे. काचेखालचे सौरघट दिवसभर उन्हापासून वीज बनवतात आणि अंधार पडला की वर्तुळ रंगांनी उजळतं. पोरं त्यावर बागडतात, गर्दी होते. तरी मला ऑर्गन उजवं वाटतं. या वर्तुळाचे रंग आधी ठरवलेले आहेत, ऑर्गनचा सूर मात्र त्या क्षणीच जन्मतो.

बाशिच यांचं तिसरं काम झादारच्या झगमगाटापासून दूर आहे. कोर्नाती हा ओसाड, दगडाळ बेटांचा पुंजका. त्यातल्या बऱ्याचशा जमिनी पिढ्यान् पिढ्या मुर्तेरच्या कुटुंबांच्या. मेंढ्या आणि ऑलिव्ह राखण्यासाठी त्यांनी सिमेंट-चुन्याशिवाय रचलेले मैलोगणती गडगे आजही या बेटांवर उभे आहेत. ऑगस्ट २००७ मध्ये इथल्या वणव्यात सापडून १२ अग्निशामक जवान गेले. त्यांच्या स्मारकासाठी बाशिच यांनी पुतळा किंवा स्तंभ सुचवला नाही. त्यांनी १२ क्रूस आखले, प्रत्येकी सुमारे २५ मीटर लांबीचे, जमिनीवर आडवे, गडग्यासारखेच कोरडे रचलेले. २०१० साली शेकडो स्वयंसेवक बेटावर आले आणि जाणत्या कारागिरांच्या हाताखाली त्यांनी दगडावर दगड बसवला.

बाशिच यांचं सर्वांत मोठं काम मी हेच मानेन, ऑर्गनहूनही मोठं. आराखडा एका माणसाचा, पण कुठला दगड कुठे बसेल हे त्या त्या हातांनी ठरवलं, आणि ते हात वणव्यात गेलेल्यांसाठी राबत होते. शिवाय कोरड्या रचाईत एखादा दगड ढळला तर तो परत बसवायला वास्तुविशारद लागत नाही. गडगा घालता येणारा बेटावरचा कुणीही ते काम करू शकतो.