तंबोरा मोबाईलमध्ये शिरला, पण कानाचे काय?

पंढरपूर भागातल्या मळ्यांत एक भोपळा पिकतो, तो भाजीला चालत नाही. चवीला कडू आणि आकाराने भलामोठा. वेलावर पक्का होऊन वाळला की तो मिरजेला जातो आणि त्याचा तंबोरा होतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण आज गाणे शिकणाऱ्या मुलापुढे बहुधा तंबोरा नसतो, मोबाईल असतो.

हे एका दिवसात झालेले नाही. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ साली विजेवर वाजणारा तंबोरा काढला. पेटीएवढे ते यंत्र पुढे फोनमध्येच शिरले. काळी चार की पांढरी एक, बोटाने निवडली की सूर सुरू, साथीला तबलाही. खेड्यातल्या पोरांची यात मोठी सोय झाली, हे आधी कबूल केले पाहिजे. हजारो रुपयांचा तंबोरा आणायचा कुणी, आणि आणला तरी लावून द्यायचा कुणी?

गुरूही आता फोनवर भेटतात. २०२० च्या टाळेबंदीत ही चाल फार वाढली. त्यात एक अडचण आहे. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, त्यामुळे गुरू-शिष्यांना एका तालात बरोबर गाता येत नाही. गुरूने गायचे, थांबायचे, मग शिष्याने म्हणायचे. गुरूच्या आवाजात आवाज मिसळून शिकणे तेवढे राहून जाते.

आणि तंबोरा लावणे? पहिली तार बहुधा पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, शेवटची खर्जाची. खुंटी पिळायची, मणी सरकवायचा, घोडीवर तारेखालचा धागा हलवून जवारी खुलवायची. वेळ जाई, पण त्या खटपटीत कान तयार होई. फोन सूर आयता वाढून देतो.

आमच्या भजनी मंडळातल्या बुवांनी यावर तोड काढली आहे. आधी फोनचा षड्ज ऐकवतात, मग फोन बंद करून मुलांना तोच सूर धरायला लावतात. पुन्हा फोन चालू करून ताडून पाहायचे. परवा एका मुलीचा सूर किंचित उतरला. बुवांचा हात फोनकडे जाण्याआधीच तिने जीभ चावली.