अंड्याचं कवच आणि आतला पापुद्रा : सायनस लिफ्ट सुरक्षित कशी होते?

मंडळी, मी दंतवैद्य नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण भंडाऱ्यात आमच्या वयाची दोन माणसं भेटली की हल्ली बोलणं दातांवर येतंच, आणि त्यात ‘सायनस लिफ्ट’ हा शब्द हमखास निघतो. नागपूरहून कोणी तो ऐकून येतो आणि घाबरतो. तेव्हा आज तेवढंच समजून घेऊ.

वरच्या दाढांच्या मुळांवर, गालाच्या मागे, हवेनं भरलेली एक पोकळी असते. नॅथॅनिएल हायमोर या इंग्लिश वैद्यानं १६५१ मध्ये तिचं नीट वर्णन केलं. दाढ काढली की खालून हाड झिजतं आणि वरून ही पोकळी पसरत येते. कधी कधी मधे तीन-चार मिलिमीटरच हाड उरतं. आठ-दहा मिलिमीटरचा इम्प्लांट त्यात रोवायचा कसा? तर पोकळीचं आतलं अस्तर न फाडता हाडापासून सोडवायचं, वर सरकवायचं आणि खाली झालेल्या जागेत हाडाचा चुरा भरायचा. काही महिन्यांत तिथं नवं हाड तयार होतं.

सगळी मेख त्या अस्तरात आहे. जाडी बहुधा एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. कच्च्या अंड्याचं कवच फोडायचं, पण आतला पांढरा पापुद्रा शाबूत ठेवायचा, असं ते काम आहे. हा नुसता दृष्टांत नाही बरं का. शिकणारे डॉक्टर खरोखरच अंड्यावर सराव करतात. सुश्रुतानंही छेद घेण्याचा सराव आधी भोपळ्यावर, काकडीवर करायला सांगितला होता.

आता पद्धती. अमेरिकेच्या हिल्ट टेटम यांनी १९७० च्या दशकात बाजूनं, म्हणजे गालाकडच्या भिंतीत, खिडकी पाडून अस्तर उचलायला सुरुवात केली. बॉइन आणि जेम्स यांनी १९८० मध्ये ती शस्त्रक्रिया छापून मांडली. १९९४ मध्ये समर्स यांनी खालूनच, इम्प्लांटच्या भोकातून, ठोकणीनं तळ वर ढकलायची पद्धत दिली. जखम लहान, सूज कमी. म्हणून माणसाला वाटतं की हीच बरी. पण इथं डॉक्टरला अस्तर दिसत नाही. आपल्या न्यायशास्त्राच्या भाषेत बोलायचं तर प्रत्यक्ष नाही, अनुमानच आहे. शिवाय ठोक्यांनी काही जणांना नंतर गरगरतं. कानातले तोल सांभाळणारे कण जागचे हलतात. साधारण पाच मिलिमीटर किंवा जास्त हाड शिल्लक असेल तर खालून, त्याहून कमी असेल तर बाजूनं, असा ढोबळ आडाखा आहे.

खिडकी पाडताना अस्तर फाटणं हा सर्वांत नेहमीचा अपघात. २००८ च्या एका मोठ्या आढाव्यात तो पाचातल्या जवळपास एका शस्त्रक्रियेत आढळला. म्हणूनच सुरक्षित हत्यारांचा शोध सुरू झाला. इटलीच्या व्हर्चेलॉटी यांनी २००१ मध्ये पिझो यंत्र वापरलं. त्याची टोकं ध्वनीच्या पलीकडच्या वेगानं थरथरतात. कडक हाड कापलं जातं, मऊ अस्तर बहुतांशी वाचतं. त्यांच्या अहवालात २१ खिडक्यांत एकच अस्तर फाटलं. आकडा छान आहे, पण २१ म्हणजे फार थोडे, आणि हात खुद्द शोधकाचा! नंतरच्या तुलनांत फरक दर वेळी एवढा मोठा निघालेला नाही. खालून जाणाऱ्यांसाठी पाण्याच्या दाबानं किंवा फुग्यानं अस्तर हळूच उचलायची साधनंही आली आहेत.

पण माझ्या मते यंत्रापेक्षा मोठी सुरक्षा आहे ती आधीच्या सीबीसीटी स्कॅनमध्ये. पोकळीत आडवी भिंत आहे का, बाजूच्या हाडातून रक्तवाहिनी कुठून जाते, आधीचा सायनसचा आजार आहे का, हे त्यात आधीच दिसतं. अॅरिस्टॉटल म्हणतो, वैद्य ‘माणसाला’ बरं करत नाही, कॅलियासला किंवा सॉक्रेटिसला बरं करतो. डॉक्टरांना विचारा : माझं हाड किती मिलिमीटर आहे? फाटलं तर काय कराल? बारीक फाटलं तर कोलॅजनचं ठिगळ लावून पुढे जाता येतं. मोठं फाटलं तर जखम शिवून काही महिने थांबणं, यात कमीपणा नाही. आणि आखूड इम्प्लांटवर भागेल का, हेही विचारा. लिफ्टच टळली तर अस्तर फाटायचा प्रश्नच उरत नाही.

आपल्याकडे एक गोष्ट वेगळी : खर्रा. सुपारीनं तोंड आखडतं, दोन बोटंही नीट जात नाहीत. मग मागच्या दाढेपर्यंत हत्यार न्यायचं कसं? बिडी-सिगारेटनं तर जखम भरणंच मंदावतं. हे डॉक्टरांपासून लपवू नका.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडून द्यायची. मागच्या रांगेतून प्रश्न आला आहे, कपालभाती चालेल का? नाही, काकाजी. नाकातून जोरानं हवा मारणं म्हणजे त्याच अस्तरावर दाब. झाडीपट्टीच्या नाटकात कोणी क्लॅरिनेट वाजवत असेल तर त्यानंही तारीख हंगाम संपल्यावरचीच घ्यावी.