‘आर्निका आहे का रे कुणाकडे?’

केटूएस, म्हणजे कात्रज ते सिंहगड हा रात्रीचा ट्रेक करून आलेल्या कुठल्याही ग्रुपचं दुसऱ्या दिवशीचं चॅट बघा. आधी फोटो, मग ‘कुणाचे किती राहिले’चा हिशेब आणि मग हमखास एक मेसेज : ‘घोटा सुजलाय, आर्निका आहे का रे कुणाकडे?’ पाच मिनिटांत तीन उत्तरं येतात. एकाकडे जेल असतं. एकीच्या आईच्या कपाटात ‘आर्निका ३०’ असते, साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्यांची बाटली. तिसरा म्हणतो, ‘मदर टिंक्चर आहे, चालेल?’ आणि सुजलेल्या घोट्याचा मालक तिघांनाही ‘चालेल’ म्हणून मोकळा होतो.

खरं तर या तिन्ही गोष्टींत नाव सोडलं तर फारसं काही सारखं नाही. पहिलीत एका झाडाचा अर्क आहे आणि तो कातडीवर लावण्यासाठी आहे. तिसरीत तोच अर्क चांगला दाट आहे, पोटात गेला तर त्रास देण्याइतका. आणि मधल्या गोड गोळ्यांत झाड जवळजवळ नाहीच. म्हणून ‘आर्निका सेफ आहे का?’ आणि ‘आर्निकाने फरक पडतो का?’ हे दोन्ही प्रश्न अर्धवट आहेत. आधी विचारायचं, कोणतं आर्निका? बाटलीवर नावापुढे जे बारीक अक्षर किंवा आकडा छापलेला असतो, सगळी गोष्ट तिथे आहे.

आर्निका माँटाना ही युरोपातल्या डोंगराळ कुरणांत उगवणारी वनस्पती. फूल पिवळंधमक, लहानशा सूर्यफुलासारखं. कूळही सूर्यफुलाचंच. आपल्या सह्याद्रीत ती उगवत नाही. रोमानियातल्या अपुसेनी डोंगरांत आणि फ्रान्सच्या व्होज पर्वतात ही फुलं हाताने खुडली जातात. खतांचा मारा आणि नांगरट यामुळे अशी कुरणं घटत चालली आहेत, त्यामुळे युरोपीय संघाच्या संरक्षणाच्या यादीतही तिचं नाव आहे. मुका मार लागला की आर्निकाचा लेप, हा तिकडचा जुना घरगुती उपाय. आपल्याकडे आंबेहळद उगाळून लावतात ना, तसाच. होमिओपॅथीचे जनक सॅम्युएल हानेमान यांनी ती आपल्या औषधांच्या यादीत घेतली आणि तिथून ती थेट आपल्या आयांच्या कपाटात पोहोचली.

आता तो आकडा. ‘३०’ म्हणजे ३० सी. झाडाच्या अर्काचा एक भाग घ्यायचा, ९९ भाग अल्कोहोल किंवा पाण्यात मिसळायचा, जोरजोरात हलवायचा. त्यातला एक भाग पुन्हा ९९ भागांत. असं तीस वेळा. अकरावीची केमिस्ट्री आठवा. एका मोलमध्ये साधारण ६.०२२ गुणिले १० चा २३वा घात इतके रेणू असतात, तो अव्होगाड्रोचा आकडा. शंभरपट पातळ करण्याची ही क्रिया बारा वेळा झाली की मूळ अर्काचा एकही रेणू उरण्याची शक्यता संपत येते. तीस वेळा म्हणजे १ वर ६० शून्यं. ‘२००’ किंवा ‘१ एम’ लिहिलेल्या बाटल्या ‘जास्त पॉवरच्या’ म्हणून ओळखल्या जातात, त्या तर याच्याही कितीतरी पुढे.

होमिओपॅथीवाल्यांना हे गणित ठाऊक नाही असं नाही. त्यांचं म्हणणं, हलवण्याच्या त्या प्रक्रियेतून औषधाची शक्ती द्रवात उतरते आणि रेणू मोजून ती कळत नाही. ठीक आहे, क्षणभर रेणू बाजूला ठेवू. रिझल्ट तर मोजता येतात? ते मोजले गेलेत. मनगटाचं कार्पल टनेल ऑपरेशन होणाऱ्या ६४ जणांवर इंग्लंडमध्ये एक चाचणी झाली, २००३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. काहींना आर्निका ३० सी, काहींना ६ सी, काहींना नुसत्या साखरेच्या, हुबेहूब तशाच गोळ्या. कुणाला काय मिळतंय हे रुग्णांनाही माहीत नव्हतं. वेदना, सूज, काळंनिळं पडणं, कशातच गटागटांत म्हणावा असा फरक निघाला नाही. त्याआधी १९९८ मध्ये उपलब्ध चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हाही होमिओपॅथिक आर्निका साखरेच्या गोळीपेक्षा सरस आहे असं म्हणता आलं नव्हतं.

मग इतक्या जणांना ‘मला फरक पडला’ असं का वाटतं? खोटं कुणीच बोलत नसतं. मुका मार लागल्यावर कातडीखाली रक्त साकळतं. डाग आधी लालसर, मग जांभळा-निळा, मग हिरवट, शेवटी पिवळा होत दोनेक आठवड्यांत नाहीसा होतो. शरीर ते रक्त टप्प्याटप्प्याने मोडून साफ करत असतं, त्याचे हे रंग. चौथ्या दिवशी गोळ्या सुरू केल्या आणि आठव्या दिवशी डाग पिवळा पडला, तर क्रेडिट गोळ्यांना मिळतं. बिचाऱ्या शरीराला कुणी थँक्यूसुद्धा म्हणत नाही.

जेल आणि क्रीमचं प्रकरण मात्र वेगळं आहे आणि इथे आर्निकाला सरसकट मोडीत काढणाऱ्यांनी जरा थांबावं. त्यात झाड खरोखर असतं. आर्निकात हेलेनालिन नावाचं रसायन आहे, ते सूज वाढवणाऱ्या प्रक्रियेत अडथळा आणतं, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हाताच्या सांध्यांचा संधिवात असलेल्या २०४ जणांना तीन आठवडे आर्निका जेल किंवा आयबुप्रोफेनचं जेल लावायला दिलं. दोन्ही साधारण सारखीच ठरली. पण म्हणून लेग डेनंतर पायाला चोपडायला धावू नका. पोटऱ्यांचा व्यायाम करवून ५३ जणांवर घेतलेल्या दुसऱ्या एका चाचणीत आर्निका लावलेल्या पायाचं दुखणं २४ तासांनी उलट जास्त निघालं! थोडक्यात, काही दुखण्यांत थोडाफार उपयोग, बाकी ठिकाणी खात्री नाही. आपल्याकडच्या अनेक ‘होमिओपॅथिक’ क्रीमच्या ट्यूबवर घटकांत आर्निकापुढे इंग्रजी क्यू हे अक्षर आणि टक्केवारी दिसेल. हा क्यू म्हणजे मदर टिंक्चर, म्हणजे पातळ न केलेला मूळ अर्क.

आणि जे खरोखर काही करतं, ते त्रासही देऊ शकतं. उघड्या जखमेवर, खरचटलेल्या जागी किंवा डोळ्यांजवळ आर्निका लावायचं नाही. काहींना त्याने लाल चट्टे, खाज, फोड येतात. यात आपल्यासाठी एक खास गोष्ट आहे. काँग्रेस गवत, म्हणजेच गाजर गवत, हे आर्निकाच्याच कुळातलं. १९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि नंतर ते देशभर पसरलं. या गवताने ज्यांच्या अंगावर पुरळ उठतं किंवा शेवंतीची फुलं हाताळून ज्यांना खाज सुटते, त्यांच्या कातडीला आर्निकाही झोंबण्याची शक्यता जास्त. अशा कुणीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून दोन दिवस वाट बघावी. गरोदर बाईने, किंवा रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्या आजोबांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरूच नये.

मदर टिंक्चर पिणं? नको. हेलेनालिन पोटात गेलं तर उलट्या, जुलाब होतात, मात्रा मोठी असेल तर हृदयाच्या ठोक्यांपर्यंत प्रकरण जातं. ‘दहा थेंब कोमट पाण्यात’ असले सल्ले रीलमध्ये ऐकून तर मुळीच नको. ‘नॅचरल आहे, साइड इफेक्ट नाही’ हे वाक्य म्हणताना धोतराही नॅचरलच आहे हे लक्षात असू द्या. बेलाडोना ही तशीच एक विषारी वनस्पती. अमेरिकेत लहान बाळांना दात येताना द्यायच्या होमिओपॅथिक गोळ्यांत ती असायची. तिथल्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये जाहीर केलं, की या गोळ्यांत तिचं प्रमाण एकसारखं नव्हतं आणि काहींत ते लेबलवर लिहिल्यापेक्षा खूपच जास्त होतं. कमी आकड्याच्या पोटन्सीत झाड शिल्लक असतं, हे विसरून चालत नाही.

मग गोड गोळ्या तरी शंभर टक्के निर्धोक? गोळ्या साखरेच्या असतात, चार गोळ्यांनी काही होत नाही. पण त्या ज्या द्रवात भिजवतात, तो द्रव वेगळा विषय आहे. त्यात बहुतेक वेळा ९० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं. म्हणून तर १२ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेलं होमिओपॅथिक औषध दुकानात ३० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत विकायला आपल्या नियमांत परवानगी नाही. मे २०२१ मध्ये लॉकडाऊनच्या दिवसांत छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात ‘ड्रोसेरा ३०’ प्यायल्यानंतर एकाच परिवारातल्या अनेकांचा जीव गेला. ड्रोसेरा म्हणजे दवबिंदू ही कीटक खाणारी इवलीशी वनस्पती. ३० पोटन्सीत ती कुठली असायला, प्यायलं गेलं ते अल्कोहोल. आपल्याच देशातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये एक केस प्रसिद्ध केली होती. चुकून बरंच ‘आर्निका ३०’ पोटात गेलेल्या रुग्णाला आधी प्रचंड उलट्या झाल्या आणि मग दोन्ही डोळ्यांची नजर गेली. झाड नसलेल्या बाटलीनेही घात होऊ शकतो तो असा. घरात लहान भावंडं असतील तर ती बाटली वरच्या फळीवरच हवी.

आता हॉस्टेलच्या शेल्फवरचं आर्निका हेअर ऑइल. खरं सांगायचं तर तरुण मंडळींचं सर्वात मोठं नुकसान मला इथे दिसतं. ते काही विषारी नाही. पण आर्निकाने माणसाच्या डोक्यावर केस उगवतात, असं दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. केस गळण्याचे प्रकार मात्र अनेक. डेंग्यू, टायफॉइड, क्रॅश डाएट किंवा मोठा ताण होऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी केस मुठीमुठीने गळायला लागतात आणि कारण दूर झालेलं असेल तर साधारण सहा महिन्यांत आपोआप थांबतात. नेमकं याच काळात तेल सुरू झालेलं असतं. मग ‘माझं गळणं थांबलं, तूही लाव’ म्हणून बाटली शेजारच्या रूममध्ये जाते. तिथल्या मुलाची केसांची रेष कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून मागे सरकत असते. ते आनुवंशिक टक्कल, ते आपोआप थांबत नाही. त्यावर मिनॉक्सिडिलसारखी तपासलेली औषधं आहेत आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितके केस वाचतात. स्पर्धा परीक्षेच्या धावपळीत हा मुलगा दोन वर्षं तेलच चोळत बसतो. मुलींच्या बाबतीत गळण्यामागे रक्त कमी असणं, थायरॉइड किंवा पीसीओएस असू शकतं. रक्ताच्या साध्या तपासण्यांनी यातलं बरंच कळतं. वर्षभराच्या तेलाचे पैसे आणि एकदा त्वचारोगतज्ज्ञांची फी, जरा ताडून बघा.

आणि तो सुजलेला घोटा? पाय मुरगळल्या मुरगळल्या चार पावलंही टाकता आली नाहीत, किंवा घोट्याच्या बाजूच्या हाडावर दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे काढायचाच. जेल, गोळी, टिंक्चर सगळं नंतर. तेवढं नसेल तर पाय उंच ठेवायचा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ एका वेळी पंधरा-वीस मिनिटं, क्रेप बँडेज आणि विश्रांती. पहिले दोन दिवस चोळायचं नाही, मग हातात जेल कितीही भारी असो. डोक्याला मार लागून नंतर उलटी झाली, झोप अनावर झाली किंवा डोकेदुखी वाढतच गेली, तर गोळी जिभेखाली ठेवून वाट बघत बसू नका, हॉस्पिटल गाठा. पडल्याचं-आपटल्याचं काही आठवत नसताना अंगावर काळेनिळे डाग दिसायला लागले आणि वर ताप असेल, तर तो मुका मार नव्हेच. पावसाळ्यात तर आधी प्लेटलेट्स बघायला हव्यात, आणि त्यासाठी जवळच्या लॅबमध्ये एक सीबीसी पुरते.